गिरणीतल्या मोटारी

परदेशी गेल्यावर बायकांनी दुकाने पाहावीत आणि पुरुषांनी यंत्रे, अशी आमच्या ‘ह्यां’ची ठाम समजूत आहे. मुलाकडे बाझलला महिनाभर राहायला गेलो, तर स्वित्झर्लंडच्या बर्फाआधी दर्शन घडले ते मोटारींचे! बाझलहून आगगाडीने सरहद्द ओलांडली, की अर्ध्या तासाच्या आत फ्रान्समधले म्यूलूज गाव येते. जुन्या मोटारींचे तिथले संग्रहालय जगप्रसिद्ध. चारशेंच्या वर गाड्या! ‘हे’ आत शिरले आणि मला साफ विसरले.

मी आधी वर पाहिले. करवतीच्या दातांसारखे छप्पर! ज्याचे लहानपण परळला गेले, त्याला ते कुणी सांगावे लागत नाही. ही गिरणी होती. लोकरीचे सूत काढणारी.

तिचे मालक हान्स आणि फ्रिट्स श्लुंफ हे दोघे भाऊ. पैकी फ्रिट्सला बुगात्ती गाड्यांचे वेड. एत्तोरे बुगात्तीचा मूळ कारखाना ह्याच अल्सास प्रांतातला. आपण भिशीचे पैसे आले की साडी घेतो, तशी ह्या गृहस्थाने गाड्यांची खरेदी मांडली. १९६४ साली तर अमेरिकेतल्या एका शौकिनाकडून एकदम ३० बुगात्ती आणवल्या! सारा कारभार गिरणीच्या बंद दारांआड. पॅरिसच्या एका पुलावरच्या दिव्यांसारखे शेकडो खांब आत उभारले. आणि हे सगळे आईच्या स्मृतीला अर्पण. मातृभक्ती खरी, पण खर्च कोणाच्या जिवावर, हा प्रश्न उरतोच.

“अग, ही बघ रॉयाल! साऱ्या जगात सहाच झाल्या!” ‘ह्यां’नी मला ओढतच नेले. गाडी कसली, जहाजच ते! सहा मीटरांहून लांब, इंजिन १२.७ लिटरचे. नाकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला चिमुकला हत्ती. तो एत्तोरेच्या शिल्पकार भावाने, रेम्ब्रांटने घडवलेला. राजेरजवाड्यांसाठी काढलेली ही गाडी एकाही राजाने घेतली नाही. मंदी आली, आणि सहांतल्या तीनच काय त्या गिऱ्हाइकांना खपल्या. देखणी मात्र खरीच. नाव ठेवायला जागा नाही.

“आणि गिरणीत माणसे किती होती हो?” मी विचारले. ‘ह्यां’ना इंजिनाचे माप पाठ होते, हे नव्हते.

लोकरीचा धंदा बसत गेला. १९७६ साली गिरण्या बुडाल्या, कामगार खवळले, आणि भावांनी स्वित्झर्लंड गाठले. कुठे म्हणाल, तर बाझललाच! १९७७ च्या मार्चमध्ये कामगार आत घुसले. आपल्या घामाचे काय झाले, ते रांगेने उभे होते. त्यांनी जागेचा ताबा घेतला, तिला ‘कामगारांचा कारखाना’ असे नाव दिले आणि दोन वर्षे लोकांना दारे उघडी ठेवली. १९७८ साली सरकारने संग्रहाला ऐतिहासिक ठेव्याचा दर्जा दिला, म्हणून तो फुटून विकला गेला नाही. पुढे ४ कोटी ४० लाख फ्रँकांना सौदा झाला आणि जुलै १९८२ मध्ये रीतसर संग्रहालय सुरू झाले.

१९८२! त्याच जानेवारीत आमच्या मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता. माझे वडील परळच्या एका गिरणीत हिशेबनीस. दुसऱ्यांच्या पगाराचे आकडे त्यांनी आयुष्यभर सुंदर अक्षरात मांडले. त्यांच्या स्वतःच्या देण्याचा कागद मात्र ते गेल्यावर आईच्या हाती पडला. त्या गिरणीच्या जागी आज चाळीस मजली इमारत आहे. छपराचा एक दातही कुणी राखलेला नाही. खालच्या पाच मजल्यांवर माणसे राहत नाहीत, तिथे मोटारी ठेवतात.