'ह्यां'च्या चेहऱ्यावरचा तजेला
मैत्रिणींनो, आंबिवलीहून पहाटेची लोकल गाठणारे 'हे' उन्हाने रापलेत, म्हणून कुणीतरी दिलेली गोरेपणाच्या क्रीमची डबी घरात आणताय? थांबा! अकोल्यात अशा क्रीमने एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासणीत क्रीममध्ये पारा सापडल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पारा कातडीतून अंगात भिनतो, मग ती बाईची असो की पुरुषाची.

त्यापेक्षा दाढी अंघोळीनंतर करू द्या. केस मऊ पडतात. पाते केसांच्या दिशेने फिरवावे, वस्तरा स्वतःचाच असावा. घरी आल्यावर तोंड स्वच्छ धुवावे, तंबाखू सोडावी, सात तास झोपावे. रंग तोच राहील, पण चेहरा टवटवीत दिसेल हो!