चाक पनवेलचे, जंगल कुणाचे?

मोरा बंदराच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहात उभे राहिले, म्हणजे समोर मुंबई दिसते आणि पाठीशी असतो चिरनेरकडचा डोंगर. डोंगरातला माल शहराकडे गेला. पण त्याचा पैसा डोंगरात परत का आला नाही, हा प्रश्न मनात येतो.

उद्योग एका ठिकाणीच का एकवटतात, याचे उत्तर आल्फ्रेड वेबर या जर्मन पंडिताने १९०९ साली दिले. वजनदार कच्च्या मालाचा कारखाना मालाजवळ निघतो. हलक्या मालाचा स्वस्त मजुरीजवळ. आपल्या महाराष्ट्रात हे अगदी पटते. बांबू अवजड, म्हणून कागद गिरणी चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरला उभी राहिली. तेंदूपान हलके, म्हणून गडचिरोली-गोंदियाचे पान दूर सोलापूर-सिन्नरच्या विडी कामगार स्त्रियांच्या सुपात जाऊन पडले. आपल्या पनवेलचा मुख्य धंदा बैलगाडीची चाके बनविण्याचा, अशी नोंद इंपीरियल गॅझेटियरात आहे. बंदर होते, बोरघाटातून १८३० साली गाडीरस्ता झालेला. घाटावरचा गाडीवान परतताना चाकांची जोडी घेऊन जाई.

हा झाला भूगोल. परंतु भाव कोण ठरवितो, हे वेबरच्या सिद्धांतात सापडत नाही. गिरणी जवळ असो वा दूर, जंगलात राहणाऱ्याच्या हाती मजुरीच पडली. कारण जंगल त्याचे नव्हते. ते सरकारचे होते. याच अन्यायाविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या अक्कादेवीच्या डोंगरावर लोक कोयते घेऊन चढले. गोळीबार झाला. त्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी वंदन करतो. पण त्यांची मागणी आपण विसरलो नाही ना?

कात करणारे म्हणून कातकरी, असे म्हणतात. आज त्यांच्या हाती ना कात, ना खैर. उचल घेऊन दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा तेवढी बुडते.

यावर उपाय नाही, असे कुणी म्हणू नये. वनहक्क कायदा २००६ साली झाला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ती आपला बांबू स्वतः विकू लागली. जंगल तेच, बांबूही तोच. बदलली ती मालकी. वेबरचा नकाशा तसाच राहिला, परंतु भाव ठरविणारा माणूस बदलला.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की 'आदिवासी भागात कारखाना काढा' एवढी मागणी पुरेशी नाही. आधी वनोपजावरील हक्क हवा, मग कारखाना. आपल्या परिसरातील वाड्यांचे सामूहिक दावे तयार करण्यासाठी नकाशा वाचता येणारे, अर्ज लिहिता येणारे हात लागतात. ते हात आपल्यापाशी आहेत. सुट्टीतला एक आठवडा आपण त्यासाठी देऊ शकणार नाही काय?