पाण्याची घागर घेतलेला मनुष्य



चूल आणि जाते यांच्यापासून घ्यावयाचे बोध आपण या सदरात यापूर्वी पाहिले. आज पाणी भरण्याच्या कामाकडे वळू. हे काम असे आहे की ते झाले हे कोणाच्या ध्यानात येत नाही. एक दिवस झाले नाही, म्हणजे मात्र सगळे घर हाका मारू लागते.

खानदेशाच्या सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे गाव डोळ्यांपुढे आणा. केळीच्या बागांचा हा मुलूख, आणि केळीइतके पाण्याला हपापलेले पीक क्वचितच असेल. बऱ्हाणपूर शहरासाठी १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत, सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भुयारी वाटेने आणण्यात आले. त्या वाटेवर ओळीने कुंड्या खोदल्या. मोट नाही, रहाट नाही. पाणी आपल्याच उताराने शहराकडे चालत येते. कुंडी भंडारा म्हणून ते बांधकाम आजही पाहावयास मिळते. शहराला पाणी असे चालत आले. खेड्यांतून मात्र ते डोक्यावरून आणावे लागले, आणि ती डोकी बहुतेक मायबहिणींची होती.

अलीकडे यात मोठा पालट झाला. १५ ऑगस्ट २०१९ रोजी सरकारची नळपाण्याची योजना सुरू झाली, त्या वेळी बऱ्हाणपूर जिल्ह्यातील खेड्यांतल्या १,०१,९०५ घरांपैकी ३७,२४१ घरांतच नळ होता. पुढे तीन वर्षांच्या आत सर्व घरी नळ पोहोचला. २५४ गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले आणि जुलै २०२२ मध्ये घरोघरी नळ असल्याचे प्रमाणपत्र मिळालेला देशातील पहिला जिल्हा हाच ठरला. विहिरीची वाट सुटली. परंतु तोटीपासून माठापर्यंत, न्हाणीपर्यंत, गुरांच्या डोणीपर्यंत पाणी अजून कोणाच्या तरी हातानेच जाते. तो हात कोणाचा, हाच आजचा प्रश्न आहे.

या कामातील लहान बोध आमच्या आयांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. घागर आधी विसळावी, मग भरावी. पापनिवेदन आणि ख्रिस्तशरीर यांचा क्रम तोच आहे. माठातले कालचे पाणी आज ओतून टाकावे लागते, तशी कालची प्रार्थना आजच्या दिवसाला पुरत नाही. आणि चुंबळ पाहा! एका जुन्या लुगड्याची ती वेटोळी घडी. तिने घागरीचे वजन गुंजभरही घटत नाही, पण तिच्यावाचून ते वजन डोक्याला खुपते. घरातल्या माणसाचा एखादा गोड शब्द हा त्या चुंबळीसारखा असतो. सासवांनी व नवऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.

तथापि येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. घरकामातून बोध सांगताना आपण फार चटकन सहनशीलतेचे प्रवचन करू लागतो. ‘बाई, तुझा भार हा तुझा क्रूस आहे, तो आनंदाने वाहा,’ असे सांगणारा बहुधा ओट्यावर बसलेला असतो आणि त्याच्या हातात भरलेला पेला असतो. प्रभू येशूने असे केलेले नाही. याकोबाच्या विहिरीवर भर दुपारी आलेल्या शमरोनी स्त्रीला त्याने जिवंत पाण्याविषयी सांगितले, तेव्हा ती काय म्हणाली हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात पाहा. ते पाणी मला द्या, म्हणजे मला येथवर पाणी काढावयास यावे लागणार नाही, असा तिच्या बोलण्याचा भाव होता. तिला त्याचा खोल अर्थ उमगला नव्हता, हे खरे. पण खेपा चुकाव्यात या तिच्या इच्छेबद्दल प्रभूने तिला एका शब्दानेही दोष दिला नाही. कष्ट हलके व्हावेत असे वाटणे हे पाप नव्हे. दापोऱ्यासारख्या गावी नळ आला तेव्हा कोणाही बाईच्या पुण्यात काही घट झाली नाही.

आता आणखी एक घागर पाहू. ती वेदीवरून वाचली जाते आणि आपल्या कानांवरून जाते. बेखमीर भाकरीच्या सणाच्या दिवशी वल्हांडणाचे भोजन कोठे करावयाचे, असा प्रश्न निघाला. प्रभूने पेत्र आणि योहान यांना खूण सांगितली: नगरात शिरताच तुम्हांला पाण्याची घागर घेतलेला एक मनुष्य भेटेल, तो ज्या घरात जाईल तेथे त्याच्यामागून जा. मार्क आणि लूक या दोघांनीही हे नोंदले आहे. जेरुसलेम तर सणासाठी आलेल्या लोकांनी फुलून गेले होते. मग तेवढ्या खुणेवरून माणूस ओळखावयाचा कसा? बायबलचे अभ्यासक सांगतात की, त्या देशी घागरीने पाणी आणणे हे बायकांचे काम होते; पुरुष आणीत ते पखालीने. म्हणून घागर घेतलेला पुरुष हीच खूण पुरेशी होती. तो शेकडोंत उठून दिसला असता.

पाहा बरे, ज्या माडीवर पहिली मिस्सा झाली, जेथे भाकर हे प्रभूचे शरीर झाले, तिची वाट दाखविण्यासाठी प्रभूने बायकांचे म्हणून ठरलेले काम करणारा पुरुष निवडला. त्याच रात्री प्रभूने स्वतः कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतले आणि शिष्यांचे पाय धुतले. ते पाणी त्याच घागरीतले होते काय, हे शुभवर्तमान सांगत नाही. पण घरात कोणीतरी पाणी भरून ठेवले होते, एवढे निश्चित.

आमचे शेजारी वारकरी बांधवही काही निराळे सांगत नाहीत. पैठणला एकनाथांच्या घरी देव श्रीखंड्या नावाचा चाकर होऊन कावडीने पाणी भरीत असे, ही कथा महाराष्ट्राच्या घरोघरी ठाऊक आहे. देव पाणी भरतो हे ऐकून डोळे टिपणारे आपण, घरात मुलगा कळशी उचलू लागला की, ‘ठेव रे, तुझी बहीण भरील,’ असे म्हणतो!

हे केवळ आपल्या गावाचे नाही. २०१९ साली भारत सरकारने लोकांचा दिवस कोणत्या कामात जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरील स्त्रियांत शंभरी ८१ जणी घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या निघाल्या, पुरुष शंभरी २६. जे हे काम करतात त्यांतही स्त्रियांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास, आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली मानवी श्रमांवर लिहिलेल्या परिपत्रकात खाण-कामगार, शेतकरी, डॉक्टर यांच्या कष्टांबरोबर घराचा भार वाहणाऱ्या स्त्रियांचेही कष्ट सांगितले आहेत, आणि समाजच काय, कधीकधी त्यांच्या घरचे लोकही त्याची योग्य कदर करीत नाहीत अशी खंत व्यक्त केली आहे.

रविवारची सकाळ आठवा. मिस्साला उशिरा येऊन मागच्या बाकाशी गुडघे टेकणाऱ्या कोण असतात? बहुधा घरची आई. तिने पाणी भरले, मुलांना न्हाऊ घातले, सर्वांचे कपडे काढून दिले, दुपारच्या भाकरीचे पीठ मळून झाकून ठेवले, आणि मग ती निघाली. पुरुषमंडळी वेळेवर पुढे बसलेली असतात. त्यांच्या भक्तीला आम्ही नावे ठेवीत नाही, पण ती वेळ त्यांना कोणी दिली हे त्यांनी जाणावे. उशिरा येणाऱ्या बाईकडे मान वळवून पाहण्यापेक्षा शनिवारी रात्री, किंवा नळाला पाणी येईल त्या घटकेला, घरच्या पुरुषाने माठ आणि पिंप भरून ठेवावे. मुलांनी कळशी धरावी. काम अर्ध्या तासाचे आहे.

‘लोक काय म्हणतील?’ असे कोणी विचारील. पेत्र आणि योहान त्या माणसाच्या मागून निमूट चालत गेले, आणि खोली सांगितल्याप्रमाणे सजवून तयार असलेली त्यांना आढळली.

पुढील अंकी केरसुणीविषयी, आणि दिवा लावून घर झाडून आपले एक नाणे शोधणाऱ्या बाईविषयी लिहू.