टेक राखणारी कथा

रामटेकच्या गडावर भाविकाला आधी लक्ष्मणाचे मंदिर लागते, मग रामाचे. वनवासात प्रभू रामचंद्रांनी येथे विसावा घेतला आणि ऋषींच्या यज्ञात विघ्ने आणणाऱ्या राक्षसांच्या निर्दालनाची प्रतिज्ञा केली, म्हणून हे रामटेक, असे येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. टेक म्हणजे प्रतिज्ञा. रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेची मोहिनी का ओसरत नाही, याचे उत्तर या एका शब्दात आहे.

२५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात ७८ भागांची ही मालिका रविवारी सकाळी दूरदर्शनवर प्रसारित झाली. त्या वेळी रस्ते ओस पडत, कुठे संचाला हार घातला जाई आणि ज्यांच्याकडे संच नसे त्यांच्यासाठी शेजारचे दार उघडे असे. सरकारी माध्यमावर धर्मकथा कशासाठी, असा आक्षेप काही विद्वानांनी घेतला. समाजाने वाद घातला नाही. तो मालिका पाहत राहिला. पुढे टाळेबंदीत, २८ मार्च २०२० पासून तिचे पुनःप्रसारण झाले. १६ एप्रिलच्या भागाला ७ कोटी ७० लाख प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. मधल्या काळात शेकडो वाहिन्या आल्या होत्या, तरीही!

यश तंत्राचे म्हणावे, तर आकाशात भिडणारे ते बाण आजच्या मुलांना गमतीचे वाटतात. उलट २०२३ मध्ये आलेल्या ‘आदिपुरुष’ चित्रपटाकडे तंत्र होते, पैसा होता. पण त्यातील संवाद लोकक्षोभामुळे बदलावे लागले. सागर यांनी वाल्मीकी आणि तुलसीदास यांच्यासह कंबन, कृत्तिवास आणि आपल्या एकनाथांच्या भावार्थ रामायणाचाही आधार घेतला होता. महाराष्ट्राच्या मनाची मशागत तर १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या, गदिमा आणि सुधीर फडके यांच्या गीतरामायणाने आधीच केलेली होती.

या कथेत प्रत्येकजण आपला शब्द पाळतो. पित्याच्या वचनासाठी राम राज्य सोडतो. हाती आलेले राज्य भरत पादुकांच्या चरणी ठेवतो. वडिलोपार्जित घराच्या वाटणीसाठी भाऊ न्यायालयाची पायरी चढतात, त्या काळात हे दृश्य पाहून डोळे पाणावतात. आपण काय गमावत आहोत, हे त्या अश्रूंना ठाऊक असते.

परंतु पाहणे आणि पाळणे यांत अंतर आहे. १९२६ च्या रामनवमीला डॉ. हेडगेवार स्वयंसेवकांना घेऊन रामटेकच्या यात्रेत गेले. तेथे त्या तरुणांनी यात्रेकरूंच्या रांगा लावल्या, तहानलेल्यांना पाणी दिले. रामाच्या दारी दर्शनाआधी सेवा, हा संघकार्याचा आरंभीचा धडा होता. संच बंद झाल्यावर आपल्या हातून असे काय घडते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

टाळेबंदीत आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र बसली, कारण बाहेर जाण्याची वाट बंद होती. आज वाटा मोकळ्या आहेत आणि एकाच घरात प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ ते सारे पडदे मिटवून घराने एकत्र रामकथा वाचावी आणि मुलांच्या शंकांना न रागावता उत्तरे द्यावीत. एवढी टेक आपल्याला राखता आली, तर पुढच्या पिढीला राम केवळ पडद्यावर शोधावा लागणार नाही.