ओलं धान्य तळाशी

माझ्या मामेभावाला गेल्या वर्षी एका बँकेच्या आयटी विभागात नोकरी लागली. ऑफर लेटर आल्यावर घरी पेढे वाटायच्या आधी त्याने मला फोन केला. "भाई, बँकेची नोकरी हलाल का?" दोन दिवस तो हाच प्रश्न घेऊन फिरत होता. मौलानांना विचारून झालं होतं, यूट्यूबवर तीन बयान ऐकून झाले होते आणि उत्तरंही तीन वेगवेगळी मिळाली होती. मी त्याला उलट विचारलं, "तिथे तू काम काय करणार?" तो जरा गोंधळला. "सॉफ्टवेअर टेस्टिंग. पण त्याचा काय संबंध? पैसा कुठून येतो ते बघायचं ना?"

त्याचं हे वाक्य काही डोक्यातून जाईना. आपल्या घरांत नोकरीच्या बऱ्यावाईटाची चर्चा पगार कुठून येतो इथे सुरू होते आणि तिथेच संपते. व्याज, विमा, दारूचा कारखाना. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत आपण स्वतःच्या हाताने काय करतो, हे कोणी विचारत नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मला तोंड लपवावं लागलं असतं. त्याकडे येतोच.

इंजिनिअरिंगला आम्हाला व्यावसायिक नीतिमत्तेवर एक विषय होता. आदल्या रात्री गाइड उघडायचं, बेंथम, कांट आणि ॲरिस्टॉटल यांची प्रत्येकी पाच वाक्यं पाठ करायची आणि पेपर टाकून मोकळं व्हायचं. बेंथम आणि मिल म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त भलं. कांट म्हणजे कर्तव्य. जे सगळ्यांनी केलं तर चालेल तेच करावं, आणि माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नये. ॲरिस्टॉटल म्हणजे सद्गुण, आणि ते सवयीने अंगी येतात. मला चांगले गुण पडले होते. या तिघांचा माझ्या नोकरीशी काही संबंध येईल, असं त्या वेळी वर्गात कोणालाच वाटलं नसावं. शिकवणाऱ्या सरांनाही नाही.

संबंध काय असतो हे मला फोक्सवॅगनच्या प्रकरणात कळलं. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने या कंपनीवर ठपका ठेवला. डिझेल गाड्यांमध्ये इंजिनावर नियंत्रण ठेवणारा जो छोटा संगणक असतो, त्यात असा कोड टाकला होता की गाडी तपासणीसाठी उभी आहे की खऱ्या रस्त्यावर धावते आहे, हे त्याला ओळखता यावं. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठेवतात. चाकं फिरतात, पण स्टीअरिंग हलत नाही. स्टीअरिंगची स्थिती, वेग, इंजिन किती वेळ चालू आहे, हवेचा दाब अशा नोंदींवरून कोड अंदाज बांधायचा. तपासणी आहे असं दिसलं की धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चालायची. रस्त्यावर आली की ती ढिली पडायची आणि नायट्रोजन ऑक्साइड कायदेशीर मर्यादेच्या ४० पटीपर्यंत जायचे. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या.

हे उघडकीला आणणाऱ्यांना कोणाला पकडायचं नव्हतं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या चमूने डिकीत मोजमापाची यंत्रं ठेवून गाड्या कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर फिरवल्या. त्या चमूत भारतातून गेलेले दोघे अभियंतेही होते. एका जेट्टाचे आकडे मर्यादेच्या १५ ते ३५ पट आले, तेव्हा आपली यंत्रंच बिघडली की काय अशी शंका येण्यासारखी स्थिती होती.

पुण्यात शिकलेल्या किंवा नोकरी केलेल्या वाचकांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. या कंपनीचा कारखाना चाकणला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचण्यांनंतर भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या गेल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला. भारतात आपण नियम मोडलेले नाहीत असं कंपनीचं म्हणणं होतं. ती सर्वोच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली.

पण मला यात रस वाटतो तो एका माणसाच्या कहाणीत. अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कंपनीच्या तिथल्या प्रमुखाने हे दोनेक सॉफ्टवेअर इंजिनिअरांचं काम असल्याचं सांगून टाकलं. पुढे वरचे बरेच जण अडकले, ती गोष्ट वेगळी. गुन्हा कबूल करणारा पहिला माणूस मात्र एक इंजिनिअर होता, जेम्स लियांग. १९८३ पासून कंपनीत. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेसाठी नवीन डिझेल इंजिन बनवायला घेतलं, आणि तिथले कडक निकष आपल्या इंजिनाला जमणार नाहीत हे लक्षात आल्यावर सॉफ्टवेअरचा मार्ग धरला. त्याने घरी पैसा नेला नव्हता, लाच घेतली नव्हती. त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की हा माणूस कंपनीवरच्या निष्ठेपायी वाहवत गेला. सरकारी पक्षाने तीन वर्षं मागितली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधीशांनी त्याहून जास्त, ४० महिने दिले आणि २ लाख डॉलर दंड केला.

लियांग राक्षस असता तर मला बरं वाटलं असतं. तो तसा नव्हता. डेडलाइन होती, बॉस होता, वर्षानुवर्षांची नोकरी होती.

आता माझं. पहिल्या नोकरीत माझ्याकडे बस तिकिटांच्या एका पोर्टलचं काम होतं. पैसे भरायच्या पानावर प्रवास विम्याचा एक चौकोन टाकायला सांगितलं. रक्कम २९ रुपये. टिक आधीपासून लावलेली असावी आणि मजकूर बारीक, राखाडी रंगात असावा. अर्ध्या तासाचं काम. मी जेवणाआधी करून टाकलं. महिन्याभराने एका वेगळ्याच बगच्या शोधात मी ग्राहकांच्या तक्रारी चाळत होतो. एका गृहस्थाने एकाच गोष्टीसाठी चार मेल पाठवले होते. तीन तिकिटांचे ८७ रुपये जास्त का कापले, एवढंच त्यांचं विचारणं. चौथ्या मेलमध्ये त्यांनी लिहिलं होतं की रक्कम लहान आहे, पण हिशेब लागत नाही म्हणून झोप येत नाही. ती तक्रार तांत्रिक विभागाकडे, म्हणजे माझ्याकडेच आली होती. मी तिच्यावर 'वर्किंग ॲज डिझाइन्ड' असं लिहून ती बंद केली.

खोटं काहीच लिहिलं नव्हतं. डिझाइनप्रमाणेच चालू होतं सगळं.

त्या रात्री मी स्वतःची समजूत कशी घातली ते सांगतो, कारण तिथे ते तिन्ही तत्त्वज्ञ माझ्या मदतीला धावून आले. मिल म्हणाला, २९ रुपयांनी कोणी मरत नाही आणि त्यावर इथल्या वीस जणांचे पगार चालतात. कांट म्हणाला, तुझं कर्तव्य दिलेलं काम नीट करणं. ॲरिस्टॉटल म्हणाला, निष्ठा हाही सद्गुण आहे. हे त्यांचं खरं म्हणणं नव्हे, मला माहीत आहे. मिलच्या तराजूत मी माझा अंगठा ठेवला होता, आणि ज्या माणसाला साधन म्हणून वापरू नको असं कांटने बजावलं, तो माणूस मी हिशेबातूनच वगळला होता. पण निर्णय झाल्यावर बोलावलं की कुठलाही सिद्धांत आपल्या बाजूने साक्ष देतो. पेपरात पाच पाच गुणांसाठी पाठ केलेलं ज्ञान असंच वापरलं जातं.

मग एक जुनी गोष्ट आठवली. मदरशात लहानपणी ऐकलेली, सहीह मुस्लिममध्ये नोंदलेली. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या एका राशीत हात घालतात. बोटांना ओल लागते. विक्रेत्याला विचारतात, हे काय? तो म्हणतो, पावसाने भिजलं. त्यावर ते विचारतात की मग हे ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलं. आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं तोडतात. लहानपणी मला यातला शेवटचा भागच महत्त्वाचा वाटायचा. आता राशीत घातलेला हात महत्त्वाचा वाटतो. वेस्ट व्हर्जिनियाच्या त्या चमूने नेमका तोच हात घातला होता.

या गोष्टीत विक्रेत्याला धान्य भिजल्याचा दोष दिलेला नाही. पाऊस कोणाच्या हातात असतो? इंजिन निकषात न बसणं हाही गुन्हा नव्हता; ते उघड सांगून गाडी महाग करता आली असती किंवा बाजारातून माघार घेता आली असती. विचारलेला प्रश्न फार साधा आहे: हे वर ठेवता येईल का? माझा चौकोन या प्रश्नापुढे एक क्षणही टिकत नाही. टिक काढून अक्षरं मोठी केली असती तर तो विमा किती जणांनी घेतला असता? तो विकला जात होता तो दिसत नव्हता म्हणून. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'च्या १३ प्रकारांवर बंदी घालणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाच्या टोपलीत त्याला न विचारता वस्तू सरकवणं हा त्यातला एक प्रकार. कायदा माझ्या चौकोनापर्यंत यायला इतकी वर्षं लागली. तोवर मी दोन नोकऱ्या बदलल्या होत्या.

सगळेच प्रश्न इतके सोपे नसतात, हेही कबूल केलं पाहिजे. मामेभावाच्या बँकेचंच घ्या. नोव्हेंबर २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की काही बँकांनी मुस्लिमबहुल वस्त्यांना नकारात्मक क्षेत्र ठरवलं होतं, तिथे कर्ज सहज मिळत नसे. आपण हा मुद्दा सभांमध्ये मांडतो आणि मांडायलाच हवा. पण अशी यादी आज कर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायची झाली, तर ती कोणीतरी टाइप करणार. कोणीतरी टेस्ट करणार. तो कदाचित आपल्याच मोहल्ल्यातला पहिला इंजिनिअर असेल. बँकेच्या बाजूनेही म्हणणं असतं: पैसा ठेवीदारांचा आहे, थकबाकीचे जुने आकडे पिनकोडप्रमाणे वेगळे दिसतात. हे सगळं उघड्यावर मांडलं तरी अन्याय संपत नाही. इथे 'वर ठेवता येईल का' एवढं पुरत नाही, इथे कांट खरोखर लागतो: माझ्या शेजाऱ्याने हप्ता चुकवला म्हणून मला कर्ज नाकारणं म्हणजे मला माणूस म्हणून पाहणंच नाकारणं. आणि मिलही लागतो, पण अंगठा काढून. कर्ज न मिळाल्याने जो दुकानदार सावकाराकडे गेला, त्याचं नुकसान त्या तक्त्यात कुठल्या रकान्यात येतं, हे विचारायला.

भीती मला कळते. घरातला पहिला पदवीधर, बहिणीची फी, ईएमआय आणि त्यात आपलं आडनाव. 'हा कटकट्या आहे' असा शिक्का आपल्याला इतरांपेक्षा महाग पडेल असं वाटतं, आणि ते अगदीच खोटं नाही. सत्येंद्र दुबेने महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार कळवला, २००३ मध्ये त्याला गोळी घातली गेली. मंजुनाथ षण्मुगमने पेट्रोल पंपावरची भेसळ पकडली, २००५ मध्ये त्यालाही. कोणी असा जीव द्यावा असं मी सांगूच शकत नाही. मी तर २९ रुपयांवर गप्प बसलो होतो. पण बहुतेक वेळा आपल्यासमोर बंदूक नसते, मीटिंग असते. तिथे 'हे ग्राहकाला दिसेल ना?' असं एकदा विचारता येतं. तोंडी आलेली सूचना 'मेलवर टाका ना, नीट करतो' म्हणून लेखी मागता येते. माझा अनुभव असा की अर्ध्या अशा सूचना त्या मेलपर्यंत पोचतच नाहीत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार तक्रारीची अंतर्गत यंत्रणा ठेवावीच लागते. ती कुठे आहे ते रुजू होतानाच पाहून ठेवावं. ती नेहमी चालते असा माझा दावा नाही.

मामेभाऊ त्या बँकेत रुजू झाला. हलालचा प्रश्न त्याने त्याच्या मनाशी सोडवला असावा, मी पुन्हा विचारलं नाही. गेल्या आठवड्यात रात्री अकराला त्याचा मेसेज आला. शुक्रवारी रिलीज आहे, ४० टेस्ट केस चालवायला वेळच मिळाला नाही, लीडने सगळ्यांपुढे 'पास' लिहायला सांगितलंय. मी काही टाइप करायच्या आत दुसरा मेसेज आला: "मी 'नॉट रन' लिहून शीट पाठवली, भाई. उद्या दहाला केबिनमध्ये बोलावलंय."