ट्यूब बदलायची, पण बिल कोण भरतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, "वीज वाचवा" हा निबंध आपण दरवर्षी मुलांकडून लिहून घेतो. मुलंही ठरलेलं वाक्य लिहितात, खोलीबाहेर जाताना दिवा बंद करावा. ठीकच आहे. पण जिथे दिवा दिवसभर बंद करताच येत नाही, तिथे काय? कापडाचं दुकान, बँक, दवाखाना, खाजगी क्लास. तिथे दिवाच बदलावा लागतो. माझ्या मते हा धडा घरापेक्षा बाजारपेठेत जास्त चांगला शिकवता येतो.

५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि स्वस्त एलईडी बल्ब घरोघरी पोचले. घरात मात्र दिवा संध्याकाळचे चार-पाच तास लागतो. दुकानात दहा-बारा तास, आणि व्यापारी युनिटचा दर घरापेक्षा चढा. म्हणजे खरी बचत कुठे आहे ते सातवीतलं पोरही सांगेल.

हे गणित फळ्यावर मांडून बघा. एका क्लासमध्ये जुन्या ३० ट्यूब आहेत. ट्यूब ४० वॉटची, पण तिचा जुना जड चोक स्वतः साधारण १२ वॉट खातो. हे मुलांना माहीतच नसतं, कारण ट्यूबवर ४० च लिहिलेलं असतं! झाले ५२. त्याऐवजी २० वॉटची एलईडी पट्टी लावली तर एका जागी ३२ वॉट वाचले, ३० जागी ९६० वॉट. रोज ८ तास आणि वर्षाचे ३०० दिवस धरले तर २३०४ युनिट. युनिटला १० रुपये धरू, म्हणजे वर्षाला २३,०४० रुपये. पट्टी ३०० रुपयांना मिळाली तर खर्च ९,०००. पाच महिन्यांच्या आत पैसे वसूल.

मग लोक बदलत का नाहीत? आळस हे अर्धंच उत्तर आहे. बरीच दुकानं, क्लास भाड्याच्या जागेत असतात. फिटिंग मालकाचं, बिल भाडेकरूचं. मालक म्हणतो मला काय फायदा, भाडेकरू म्हणतो उद्या जागा सोडावी लागली तर? दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि चोक वर्षानुवर्षं गुणगुणत राहतो. यावर साधा उपाय आहे. खर्च मालकाने करावा आणि पहिलं वर्षभर बचतीतला ठरलेला वाटा भाड्यासोबत घ्यावा. करारात दोन ओळी वाढतील, एवढंच.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली, २०१७ साली सुधारली, पण तिचा रोख १०० किलोवॉट किंवा त्याहून जास्त जोडभाराच्या मोठ्या, मुख्यतः नव्या इमारतींवर. आपल्या गावातलं दुमजली कॉम्प्लेक्स त्यात बसत नाही.

आता एक इशारा. स्वस्तातली कुठलीही पट्टी लावली की झालं, असं नाही. वॉट म्हणजे वीज किती खाते, उजेड किती देते ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. खोक्यावर ल्युमेन वाचायला मुलांना शिकवा. शिवाय साडीच्या दुकानात बायका साडी दारापाशी नेऊन "जरा उजेडात दाखवा हो" म्हणतात ना, ते उगीच नाही. दिवा रंग खरा दाखवत नसेल तर गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. लुकलुक तपासायला पेन्सिल दिव्याखाली भरभर हलवा. एका पेन्सिलीच्या सुट्या-सुट्या चार पेन्सिली दिसल्या तर तो दिवा वर्गात नको, मुलांचं डोकं दुखू शकतं. आणि जुन्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवणार असाल तर वायरमनकडून चोक काढूनच घ्या. तो राहिला तर वीज खातच राहतो.

शाळांचं काय? बिल थकून वीज तोडलेल्या शाळा आपण सगळ्यांनीच पाहिल्यात. अशा ठिकाणी महिन्याचे पन्नास युनिट वाचणं ही छोटी गोष्ट नाही. नवीन दिवे लावताना खिडकीकडच्या रांगेचं बटण वेगळं ठेवा. दुपारी ती रांग बंद राहिली तर वर्गात काहीच अडत नाही. बऱ्याच शाळांत एका बटणावर सगळा वर्ग पेटतो, हे मला अजून कळलेलं नाही.

राहिल्या काढलेल्या जुन्या ट्यूब. त्यात थोडा का होईना, पारा असतो. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये अशा ट्यूब २०२७ पर्यंत बंद करायचं ठरवलं आहे, आणि भारत त्या करारात आहे. तेव्हा त्या शाळेमागे टाकून पोरांना फोडायला देऊ नका, भंगारातही घालू नका. खोक्यात उभ्या ठेवून नगरपालिकेत किंवा ई-कचरा घेणाऱ्याकडे चौकशी करा. नवीन दिवे घेतानाच दुकानदाराला विचारलं तर आणखी बरं, जुने परत घेता का म्हणून.