अठरा वर्षांनंतर त्याने कुठे जायचं?



दिव्यांग मुलांच्या पालकांशी आपलं बोलणं होतं ते बहुतेक वेळा कागदांबद्दल. प्रमाणपत्र काढलं का, यूडीआयडी कार्ड आलं का, बँक खातं आधारला जोडलं का. ही कामं करावीच लागतात आणि ती आपल्याच गळ्यात असतात. पण पालकांच्या मनातला प्रश्न वेगळाच असतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई कागदावर सही करता करता म्हणाली, "बाई, चौथीपर्यंत तुम्ही आहात. पुढं हायस्कूल आहे. पण त्याच्या पुढं काय?"

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणजे अठरापर्यंत हजेरीपटावर त्याचं नाव असतं, कोणीतरी त्याची वाट बघत असतं. एकोणिसाव्या वर्षी सकाळी उठून जायला ठिकाणच नसतं. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेली कितीतरी मुलं मग घरात टीव्हीसमोर बसतात, आणि त्यांच्याबरोबर आईसुद्धा घरात बसते.

म्हणून आज मी तुम्हाला एका उपाहारगृहाबद्दल सांगणार आहे. शैक्षणिक लेखात हे कुठून आलं, असं वाटेल. जरा थांबा.

मुंबईत जुहूला कॅफे अर्पण नावाचं छोटं उपाहारगृह आहे. यश चॅरिटेबल ट्रस्ट ही संस्था २०१४ साली सुरू झाली आणि तिने २०१८ मध्ये हा कॅफे उघडला. स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं तिथे काम करतात. पदार्थांची तयारी, ऑर्डर घेणं, टेबलावर नेऊन देणं ही त्यांची कामं. संस्था नफ्यासाठी नाही, पण कॅफे मात्र खराखुरा आहे. गिऱ्हाईक येतं, खातं, बिल देतं आणि जातं.

मला यात सर्वांत जास्त काय आवडलं सांगू? कॅफेच्या आधी, २०१५ मध्ये, या संस्थेने डबा सेवा सुरू केली होती. आधी डबा, मग कॅफे! डी.एड.ला आपण अध्यापनाची सूत्रं घोकली होती, सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे. पाठ टाचणात लिहून लिहून त्यांचा अर्थच गेला होता. इथे ती जशीच्या तशी दिसतात. डब्याचं बघा. पदार्थ आधी ठरलेले, वेळ ठरलेली, जागा ओळखीची. गिऱ्हाईक समोर उभं नसतं. कॅफेत अनोळखी माणसं येतात, आवाज असतो, कोणी ऑर्डर बदलतं, कोणी घाई करतं. स्वमग्न व्यक्तीला हे सगळं एकदम झेपणं अवघड. पण हात आणि मन आधी डब्याच्या कामाला सरावलेले असतील, तर पुढे फक्त माणसांची सवय करायची उरते.

असंच दुसरं उदाहरण आपल्या शेजारच्या हुबळीचं. २०१७ मध्ये तिथे मिट्टी कॅफे सुरू झाला. वेगवेगळ्या प्रकारचं दिव्यांगत्व असलेली माणसं तो चालवतात. अंध गिऱ्हाइकाला वाचता यावं म्हणून ब्रेलमधलं मेनूकार्ड ठेवतात. हुबळीपासून निघालेला हा कॅफे नोव्हेंबर २०२३ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात पोहोचला.

आणि ही काही परकी कल्पना नाही बरं का. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवणाऱ्या बायकांना घेऊनच. गरजू माणसाच्या हाताला काम आणि भुकेल्या माणसाच्या ताटात जेवण, दोन्ही एकाच चुलीवर होतं हे आपल्याकडे माहीत होतं.

आता एक गैरसमज. 'ना नफा' म्हटलं की लोकांना अन्नछत्र वाटतं. तसं नाही. अन्नछत्रात गरजू माणूस पंगतीला बसतो. इथे तो वाढपी असतो, पगार घेतो. जास्तीचे पैसे उरलेच तर कोणाच्या खिशात न जाता परत कामात जातात. आणि अशा ठिकाणी खर्च जास्त असतो हेही समजून घ्या. नवीन माणसाला शिकवायला शेजारी कोणीतरी उभं लागतं, दुसरीकडे चार दिवसांत शिकतात ते इथे चार महिने शिकवावं लागतं. तो भार नुसत्या चहा-सँडविचच्या किमतीतून निघणं कठीण, म्हणून देणग्या लागतात. पण गिऱ्हाईक जे पैसे देतं ते दान नव्हे. चहा बेचव झाला तर तसं सांगायला हवं. "असू दे, बिचारे करतात ना" असं म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. अशा मुलांचे व्हिडिओ खाली रडके संगीत लावून ग्रुपवर फिरवणं तर अजिबातच नाही.

बरं, आपल्या वर्गाशी याचा संबंध काय? तर अशा कामाची तयारी अठराव्या वर्षी सुरू करून चालत नाही. ती पहिलीतच सुरू होते. आपल्या शाळांत बालआनंद मेळावा होतो. भेळ, वडापाव, सरबताचे स्टॉल लागतात. खरं तर निम्मे स्टॉल आयाच चालवतात, पण ते असो. त्या दिवशी दिव्यांग मूल कुठे असतं? बहुतेक वेळा आईच्या मांडीवर नाहीतर बाईंच्या शेजारी खुर्चीत. सगळे त्याला प्रेमाने खाऊ आणून देतात. स्टॉलमागे त्याला कोणी उभं करत नाही.

लिंबू सरबताचंच घ्या. हात धुणं, ग्लास ठेवणं, पाणी ओतणं, लिंबू पिळणं, दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, ढवळणं, ग्लास हातात देणं. आठ पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीचं चित्र एकेका कार्डावर काढून ओळीने चिकटवा. पाणी कुठपर्यंत घ्यायचं ते कळावं म्हणून ग्लासावर नेलपॉलिशची रेघ मारा. आणि शिकवायला शेवटून सुरुवात करा. पहिल्या सात पायऱ्या तुम्ही करा, मुलाने फक्त ग्लास उचलून समोरच्याला द्यायचा. ते जमलं की ढवळणंही त्याच्याकडे. मग साखर-मीठ. विशेष शिक्षक याला उलटी साखळी म्हणतात. यात गंमत अशी की प्रत्येक वेळी काम मुलाच्याच हातून पूर्ण होतं. सुरुवातीपासून शिकवलं तर ते तिसऱ्या पायरीला अडकतं आणि पुढचं आपण करून टाकतो. मग सरबत आपलं होतं, त्याचं नाही.

हिशोब येत नाही? दर दहा रुपये ठेवा. एक नोट, एक ग्लास. सुट्ट्या पैशांचा प्रश्नच नाही.

दोन गोष्टी मात्र पदार्थापेक्षाही महत्त्वाच्या. एक म्हणजे आपली पाळी येईपर्यंत थांबणं. दुसरी म्हणजे "मला कळलं नाही, परत सांगा" हे वाक्य. बोलता येत नसेल तर त्याचं कार्ड द्या. आपण या मुलांना गप्प बसायला फार लवकर शिकवतो, विचारायला शिकवतच नाही. कामावर गेल्यावर न विचारणारा माणूस टिकत नाही, हे धडधाकट माणसालाही लागू आहे.

इतर पालकांनाही सांगायचं आहे. "एका मुलासाठी वर्ग थांबतो" अशी तक्रार अधूनमधून येते. ती अगदीच खोटी नाही. पन्नास मिनिटांच्या तासात वेळ जातो खरा. पण उद्या तुमचा मुलगा दुकान टाकेल, मुलगी कंपनीत साहेब होईल. त्यांच्यासमोर नोकरी मागायला असा कोणी आला, तर त्याला कसं काम द्यायचं हे त्यांना माहीत असेल, कारण चौथीत तो त्यांच्या बाकावर बसत होता. हे कोणत्या स्वाध्यायपुस्तिकेतून शिकवणार?

कोणी म्हणेल, बाई, जुहूची गोष्ट तालुक्याला काय कामाची? मुद्दा रास्त आहे. एका कॅफेत मोजकीच माणसं सामावतात आणि जुहूसारखं गिऱ्हाईक आपल्या बाजारपेठेत नाही. म्हणून मला वाटतं, तालुक्याला नवा कॅफे काढण्याच्या मागे लागण्यापेक्षा आहे तिथे जागा करावी. सरकारी कार्यालयांच्या आवारात बचत गटांची उपाहारगृहं असतात. लग्नाची कंत्राटं घेणारे केटरर्स असतात. एका ठिकाणी एकाच मुलाला, एकच ठरलेलं काम, ठरलेल्या वेळी. चपात्या मोजून डब्यात भरणं, टेबल पुसणं, पाण्याचे जग भरणं. मात्र त्याचे पैसे द्यायचे. "घरी बसण्यापेक्षा बरं, येऊ दे की" म्हणून फुकट राबवून घेणं म्हणजे उपकार नव्हे.

आणि पालकांनो, मूल अठराचं होण्याआधी दोन कामं माहीत करून घ्या. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल, तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती असते. याच न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे. चौकशी करताना जिल्हाधिकारी कार्यालयात "स्थानिक स्तर समिती" हेच नाव सांगा. नुसतं "दिव्यांगांचं काम आहे" म्हटलं की दुसऱ्याच टेबलाकडे पाठवतात.